राइडिंग बूट निवडताना काय पाहावे? बुटामुळे पायाची स्थिती खरोखर सुधारते का?

पहाटस्वार, नागपूर

नमस्कार. मी सिव्हिल लाइन्स भागात राहते आणि गेल्या हिवाळ्यापासून शहराबाहेरच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकत आहे. वय अडतीस, उंची १५८ सेंटिमीटर. सध्या मी घोट्यापर्यंत येणारे साधे चामडी बूट वापरते. त्यांना थोडी टाच असल्यामुळे प्रशिक्षकांनी आजवर ते चालवून घेतले. परंतु रिकिबीचा पट्टा नडगीच्या आतल्या बाजूला सतत घासतो आणि तिथली कातडी सोलवटून निघते, म्हणून आता राइडिंगचेच बूट घ्यायचे ठरवले आहे.

माझी खरी अडचण पायाच्या स्थितीची आहे. घोडा साध्या चालीत असताना पाय जागेवर राहतो. परंतु ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, उठबस सुरू झाली की गुडघ्याखालचा पाय पुढे सरकतो, टाच वर येते आणि थोड्याच वेळात रिकीब चवड्याखालून निसटून तळव्याच्या मध्यापर्यंत जाते. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवी हे मला माहीत आहे. व्हिडिओत पाहिले तर माझी टाच त्या रेषेच्या बरीच पुढे दिसते. गुडघ्यापर्यंतचे ताठ बूट घेतले तर पायाला आधार मिळेल आणि तो हलायचा थांबेल, असे प्रशिक्षकांचे मत आहे. आमच्याबरोबरच्या एका अनुभवी स्वारांचे मत मात्र अगदी उलट आहे. त्यांच्या मते ताठ बुटात माझी टाच आणखीच वर जाईल.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: ड्रेसाजसाठी (घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करून घेण्याच्या स्पर्धाप्रकारासाठी) वापरतात तसे ताठ उंच बूट, घोट्यावर नाड्या असलेले मऊ फील्ड बूट, किंवा घोट्यापर्यंतचे आखूड जोधपुरी बूट आणि त्यांवर हाफ चॅप्स, म्हणजे पोटरीवर चढवायची वेगळी आवरणे. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता यांपैकी काय घ्यावे, मापे कशी घ्यावीत आणि बुटामुळे पायाची स्थिती खरोखर बदलते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना रिसाला

ताई, तुमच्या प्रशिक्षकांचा हेतू चांगला आहे, तरीही या एका बाबतीत मी त्या अनुभवी स्वारांच्या बाजूचा आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या रिमाउंट आणि व्हेटर्नरी पथकात मी घोड्यावर बसायला शिकलो आणि पुढे बरीच वर्षे नवख्यांना शिकवले. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की बूट पायाला योग्य जागी नेत नाही. पाय योग्य जागी जाऊ पाहत असेल तर चांगला बूट त्याला आडकाठी करत नाही, एवढेच त्याचे काम. आणि ही आडकाठी सर्वांत आधी घोट्यापाशी होते.

ट्रॉटमध्ये नेमके काय घडते ते आधी पाहू. घोड्याच्या प्रत्येक पावलाबरोबर खालून धक्का येतो. तो मांडीचा सांधा, गुडघा आणि घोटा या तिघांनी वाटून घ्यायचा असतो आणि त्यातही शेवटचा वाटा घोट्याचा असतो. शरीराचे वजन मांडीतून गुडघ्यावरून खाली उतरले आणि घोटा मोकळा असला की प्रत्येक धक्क्याला टाच किंचित खाली जाते आणि पुन्हा वर येते. बाहेरून पाहणाऱ्याला पाय स्थिर वाटतो, परंतु तो स्थिर दिसतो तो घोटा सतत हलत असल्यामुळेच. घोटा बांधला गेला तर हा धक्का गुडघ्यावर येतो. मग स्वार गुडघे आवळतो, आवळलेला गुडघा दाराच्या बिजागरीसारखा होतो आणि त्याखालचा सगळा पाय त्याच्याभोवती पुढेमागे झुलू लागतो. तुमचे वर्णन वाचून मला हेच दिसते. त्यातच टाच खाली नेण्यासाठी रिकिबीवर जोर दिला तर पाय आणखी पुढे ढकलला जातो, कारण रिकीब वरून लोंबकळत असते आणि जोर ज्या दिशेला लागेल त्या दिशेला ती जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले, तेव्हापासून त्या खेळातले उंच, चकचकीत, ताठ बूट बऱ्याच जणांच्या मनात भरले आहेत. ते स्वाभाविक आहे आणि त्या विजयाचा मलाही मनापासून आनंद आहे. परंतु त्या स्वारांचा पाय बुटामुळे स्थिर नव्हता. त्यांची बैठक आधीच घडलेली असते, रिकिबी लांब असतात, आणि पोटरीने घोड्याला अगदी बारीक सूचना देता यावी म्हणून त्यांना ताठ बाहेरची बाजू उपयोगी पडते. ज्याचा घोटा अजून मोकळा व्हायचा आहे, त्याला तोच बूट टाच खाली जाऊ देत नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी घोटा, मग बुटाची उंची, मग पोटरीचा घेर आणि सर्वांत शेवटी रूप. दुकानात बूट घालून चवडा एखाद्या पायरीच्या कडेवर ठेवा आणि टाच हळूहळू खाली सोडा. टाच पायरीच्या पातळीखाली सहज उतरली आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला चामडे टोचले नाही, तर तो बूट पुढे पाहण्यासारखा आहे. बूट नवा असल्यामुळे थोडा विरोध जाणवणारच. परंतु टाच पायरीच्या रेषेपर्यंतही येत नसेल तर पुढे वापरून मऊ होईल या भरवशावर तो घेऊ नये.

आणखी एक तपासणी घोड्यावर करा. घोडा उभा असताना, कुणीतरी लगाम धरलेला असताना, हात न टेकता रिकिबीत उभे राहा. मागे खोगिरावर आपटलात तर पाय पुढे आहे, मानेवर झुकलात तर फार मागे आहे. सध्याच्या बुटांतही हाच दोष दिसला, तर तो केवळ बुटाचा नाही. मग खोगीर तपासावे लागेल. रिकीब अडकवायची पट्टी काही खोगिरांत इतकी पुढे असते की पाय रेषेत ठेवायला स्वाराला सारखे झगडावे लागते. खोगिराचा खोलगट भाग मागे कलला असला तरीही तेच होते. तबेल्यातल्या दुसऱ्या खोगिरावर एकदा बसून पाहिलेत तर बराच उलगडा होईल.

सांधेदुखी विभाग

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझी मुलगी घोडेस्वारी करते, म्हणून हा धागा आवडीने वाचला. वरच्या प्रतिसादाला थोडी शरीरशास्त्राची जोड देते.

टाच खाली न जाण्याचे कारण पुष्कळदा पोटरीत असते. पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेपर्यंत जातो, म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याखालचा सोलियस फक्त घोटा ओलांडतो. दोघांचा शेवट एकाच जाड शिरेत, म्हणजे टाचेमागच्या अकिलीस टेंडनमध्ये होतो. गुडघा वाकलेला असला की वरचा स्नायू सैल पडतो आणि टाच सहज खाली जाते. पाय सरळ होत गेला की तोच स्नायू ताणला जाऊन टाच वर ओढतो. लांब रिकिबीत टाच खाली ठेवणे अवघड आणि थोड्या आखूड रिकिबीत सोपे जाते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. दिवसभर उंच टाचांच्या चपला वापरणाऱ्यांचे हे स्नायू आखडलेले असतात, याचा अनुभव मला रोजच्या कामात येतो.

घरी एक साधी चाचणी करता येते. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, एक पाऊल पुढे ठेवा आणि टाच जमिनीला पक्की टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावा. मग पाऊल थोडे थोडे मागे घेत जा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो त्या शेवटच्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. साधारण १० सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर घोट्याची हालचाल चांगली समजतात. ते बरेच कमी असेल, किंवा दोन्ही पायांत ठळक फरक असेल, तर बूट कोणताही घेतला तरी अडचण राहील. तेव्हा रोज पोटरी ताणण्याचा व्यायाम एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून करावा, म्हणजे दोन्ही स्नायूंना ताण मिळतो. ताण सौम्य आणि सलग असावा, झटके देऊ नयेत. घोट्याला जुनी दुखापत असेल तर आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवून घ्यावे.

टाच जितकी खाली तितके चांगले, असा एक समज मुलांना शिकवताना फार पसरतो. तो मला काळजीचा वाटतो. टाच जबरदस्तीने खाली दाबून धरली की घोटा तिथेच अडकतो आणि मग तो ताठ बुटात अडकलेल्या घोट्याइतकाच निरुपयोगी होतो. टाच चवड्यापेक्षा किंचित खाली असणे आणि तिथून हलू शकणे पुरेसे आहे.

कातडीकाम

बुटांची जुळणी आणि चामडे याविषयी थोडे सांगतो, कारण आमच्या घरी हा व्यवसाय होता आणि इतवारीतल्या दुकानात माझे लहानपण गेले.

उंच बूट घ्यायचे असतील तर माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभरात पायाला थोडी सूज चढते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती हमखास चढते. जी ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार) आणि जे मोजे घालून बसणार, तेच माप देताना अंगावर असावेत. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पोटरीचा घेर सर्वांत रुंद जागी घ्यावा; उंची जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत घ्यावी. दोन्ही पायांची मापे वेगवेगळी लिहावीत, कारण ती क्वचितच सारखी असतात, आणि घेराच्या बाबतीत मोठे माप धरावे.

उंचीच्या बाबतीत एक बारकावा विसरू नये. खऱ्या चामड्याचा नवा उंच बूट घोट्यापाशी घड्या पडत गेल्या की खाली बसतो. चामड्याच्या जाडीनुसार ही घट साधारण २ ते ४ सेंटिमीटर होते. म्हणून नवा बूट लवणीला टेकेल, किंचित टोचेलही, इतका उंच घेतात आणि तो बसेपर्यंत टाचेखाली आत एक जादा तुकडा ठेवतात. कृत्रिम चामड्याचा बूट मात्र फारसा बसत नाही; तो पहिल्या दिवशी उंच असेल तर शेवटच्या दिवशीही उंचच राहतो. असा बूट लवणीत रुतला की स्वार नकळत गुडघा सरळ करतो किंवा टाच उचलतो. पाय पुढे जाण्याचे हेही एक कारण असते आणि ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

पोटरीवर बूट अंगाबरोबर असावा. ढिला बूट स्वतःभोवती फिरतो, घोट्यावर त्याचा चुरगळलेला ढीग जमतो आणि पायाची जाणीव घोड्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मागे किंवा बाहेरच्या अंगाला चेन असलेला आणि तिच्या कडेने इलॅस्टिकची पट्टी असलेला बूट आपल्या हवेत सोयीचा पडतो. आतल्या बाजूला बक्कल, जाड शिवण किंवा चेन असता कामा नये, कारण ती घोड्याला आणि खोगिराला दोघांनाही घासते.

तळाविषयी तडजोड करू नये. तळ गुळगुळीत किंवा अगदी उथळ नक्षीचा असावा आणि टाच दोन ते अडीच सेंटिमीटर असावी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. ट्रेकिंगच्या बुटांचे खोल खाचांचे तळ आणि नाड्या अडकवायचे हूक, या दोन्ही गोष्टी पडण्याच्या प्रसंगी पाय रिकिबीत अडकवू शकतात. बुटाचा सर्वांत रुंद भाग रिकिबीत घातल्यावर दोन्ही बाजूंना मिळून साधारण अडीच सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. नवे बूट बहुधा जुन्यापेक्षा रुंद असतात, तेव्हा बूट बदलताना रिकीब पुन्हा मोजावी.

देखभालीचे म्हणाल तर आपल्याकडे दोन शत्रू आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर वाळत ठेवलेले चामडे घोट्याच्या घडीवरच तडकते. पावसाळ्यात दोन आठवडे कपाटात बंद राहिलेल्या बुटावर हिरवट पांढरी बुरशी येते. प्रत्येक वेळी ओलसर फडक्याने घाम आणि धूळ पुसावी, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, सावलीत वारा लागेल असे उभे करून ठेवावेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नयेत. चेनच्या दातांमधली धूळ जुन्या टूथब्रशने काढली तर ती वर्षानुवर्षे टिकते.

दुडकी चाल

मी हाफ चॅप्सच्या विरोधात नाही, तरी एक वेगळा अनुभव नोंदवते. माझी पोटरी बारीक आहे आणि तयार मिळणारे हाफ चॅप्स माझ्या पायावर खाली सरकून घोट्यावर गोळा होत. त्यामुळे घोट्याची हालचाल अडत असे. मऊ चामड्याचे, नाड्या असलेले फील्ड बूट घेतल्यावर तो त्रास संपला, कारण घोट्यावरच्या नाड्या सैल किंवा घट्ट करून हवी तेवढी मोकळीक मिळवता येते. उंच बूट म्हणजे ताठ बूट, असे समीकरण कुणाच्या मनात राहू नये म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पहाटस्वार, नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे चाचण्या केल्या. भिंतीच्या चाचणीत उजव्या पायाचे अंतर ९ आणि डाव्याचे साडेसहा सेंटिमीटर आले, आणि व्हिडिओत पुन्हा पाहिले तर जास्त पुढे जाणारा पायही डावाच आहे. रिकिबीत उभी राहिले तेव्हा मागे बसले. दुसऱ्या खोगिरावर हा दोष कमी झाला, परंतु पूर्ण गेला नाही.

संध्याकाळी घेतलेली मापे अशी: उंची दोन्ही पायांची ४० सेंटिमीटर, घेर उजवा ३७ आणि डावा ३६. मला दाखवलेले ताठ बूट ४४ सेंटिमीटर उंचीचे आणि कृत्रिम चामड्याचे होते, तेव्हा ते मी यादीतून काढले आहेत. आता फील्ड बूट आणि जोधपुरी बूट या दोहोंत निवड करायची आहे. शिवाय माझ्या सध्याच्या बुटांचा तळ पातळ आहे, नव्याचा जाड असेल, तर रिकिबीची लांबी बदलावी लागेल का?

जुना रिसाला

तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी चामड्याचे जोधपुरी बूट आणि बाहेरच्या बाजूने चेन असलेले, पोटरीच्या मापाचे हाफ चॅप्स घेतले असते. नडगी सोलवटण्याचा त्रास त्याने लगेच थांबेल, घोटा सर्वांत मोकळा राहील आणि एप्रिल-मेमध्ये सरावानंतर चॅप्स उतरवून पाय मोकळे करता येतील. हाफ चॅप्सची वरची कड बसल्यावर लवणीच्या खालीच राहते का आणि खालची कड घोट्याच्या घडीवर दाबत नाही ना, हे दोन्ही घोड्यावर बसून पाहा. डाव्या घोट्याचा व्यायाम सुरू ठेवा. तो पाय उजव्याच्या बरोबरीला आला की मऊ फील्ड बूट मापाने शिवून घ्या. कानपूरला खोगीर आणि राइडिंगच्या सामानाचा जुना व्यवसाय आहे आणि तिथले कारागीर पाठवलेल्या मापांवरून बूट शिवून देतात. कातडीकाम यांनी सांगितलेल्या पद्धतीने मापे लिहून पाठवलीत तर तयार बुटांपेक्षा ते पुष्कळ चांगले बसतील.

रिकिबीची लांबी बदलावी लागेल, परंतु बेताने. नवा तळ समजा १ सेंटिमीटरने जाड असेल तर रिकीब आपोआप तेवढी आखूड झाल्यासारखी होते. पट्ट्यावरची भोके बहुधा अडीच सेंटिमीटरच्या अंतरावर असतात, म्हणजे पूर्ण एक भोक खाली गेलात तर ती उलट दीड सेंटिमीटर लांब होईल आणि तुमचा डावा पाय तिच्या शोधात टाच उचलेल. त्यापेक्षा सुरुवातीचे काही आठवडे आहे तेच भोक ठेवा. थोडी आखूड रिकीब तुमच्या आखडलेल्या पोटरीला सोयीचीच पडेल.

आणखी एक गोष्ट तपासा. आपण सगळे डाव्या बाजूने घोड्यावर चढतो, त्यामुळे डावा पट्टा काळाच्या ओघात ताणला जातो आणि दोन्ही बाजूंना तेच भोक असूनही डावी रिकीब लांब राहते. दोन्ही पट्टे काढून भोके जुळवून शेजारी शेजारी लटकवा. डावा लांब निघाला तर दोन्हींची अदलाबदल करा आणि त्यानंतरच पुढचा व्हिडिओ काढा. डाव्या पायाचा दोष किती घोट्याचा आणि किती पट्ट्याचा, हे त्यात वेगळे दिसेल.